हौसाबाईंचा एकच प्रश्न

पोटाच्या डॉक्टरकडे जाणाऱ्या माणसाचं पोट कुणाला दिसत नाही. माझ्याकडे येणाऱ्याचं सगळं गावाला दिसतं. कोपर, गुडघे, टाळू, पाठ. आणि दिसतं म्हटल्यावर प्रत्येकाला मत असतं! न्हाव्याला मत, शेजारणीला मत, रिक्षावाल्याला मत, नवऱ्याच्या मावशीला तर दोन मतं. सांगलीत माझा आयुर्वेदाचा दवाखाना आहे आणि निम्मे पेशंट सोरायसिसचे. खाज एकाची आणि सल्ला दहा जणांचा, म्हटल्यावर किस्से साठणारच. त्यातले हसण्यासारखे पुष्कळ आहेत. पण हल्ली कुणी "सांगा की एखादा" म्हटलं की मला कोरेगावची रूपालीच आठवते, आणि तिच्या गोष्टीत हसण्यासारखं फार थोडं आहे.

*

रूपाली पहिल्यांदा आली ती सासूबरोबर. थंडीचे दिवस, पहाटेची एसटी पकडून आलेल्या. मी सहज विचारलं, "एवढ्या लांब? तिकडं साताऱ्याला वैद्य नाहीत का?"

सासू म्हणजे हौसाबाई. काटक बाई, आवाज दुसऱ्या बांधाला पोचेल असा. म्हणाल्या, "हायत की. पर तितं वळखीची माणसं बी हायत!"

घरचा ऊस, एकुलता एक मुलगा संदीप फौजेत, तिकडे वर कुठेतरी पोस्टिंग. रूपालीचं बाळंतपण झालं, मुलगी आरू दीड वर्षाची झाली आणि हिच्या कोपरावर, पाठीवर लालसर खवल्यांचे चट्टे उठले. सासूबाई पाण्याची बाटली भरायला बाहेर गेल्या तेवढ्यात रूपाली खाली मान घालून भराभरा बोलली.

"ताट येगळं केलं, त्याचं काय न्हाई मॅडम. सैपाकाला शिवू देत न्हाईत, त्ये बी चालंल. पर आरू आता तीन वर्साची हाय. आत्या तिला घिऊन आतल्या खोलीत झोपत्यात. ती रातीला आई म्हणून उठती आन मला आत जाता येत न्हाई."

बाटली भरून हौसाबाई आल्या आणि टेबलावर हात ठेवून उभ्याच राहिल्या. "बाई, मला येकच सांगा. ह्ये लागतं का?"

"नाही लागत. शिवून लागत नाही, एका ताटात जेवून लागत नाही, कुशीत झोपून तर मुळीच लागत नाही."

"मग बरं कवा हुईल?"

इथं मी खोटं बोलू शकले असते. बोलणारे आहेत, त्यांचे फ्लेक्सही आहेत! पण आमच्या शास्त्रात आजारांचा एक प्रकार आहे, याप्य. म्हणजे जन्मभर सांभाळायचा. पथ्य पाळा, ऋतू बदलताना शरीराची शुद्धी करा, मन शांत ठेवा, तो आटोक्यात राहतो. मी ते सगळं नीट समजावून सांगितलं.

हौसाबाईंनी सगळं ऐकलं आणि सुनेकडं बोट दाखवलं. "म्हंजी आत ऱ्हाणारच!"

*

आता इक्बालभाई. कुपवाडला यांचं ग्रिल आणि शटरचं वर्कशॉप. माणूस गोड, पथ्याला वाईट. दुधाबरोबर मांस-मासे नकोत असं मी सांगितलं, तर ईद झाल्यावर अंग लाल करून हजर!

"शीरखुर्मा खाल्ला का?"

"सकाळी, आपल्या घरी."

"आणि बिर्याणी?"

"ती दुपारी सासुरवाडीला. दोन वेगळी घरं मॅडम, एकत्र कुठं झालं?"

"पोट कुणाच्या घरी होतं?" असं मी विचारलं तेव्हा त्यांच्या पत्नी, शमीमभाभी, पदर तोंडाला लावून हसल्या.

पण हेच इक्बालभाई एका एप्रिलात शाल पांघरून आले. बाहेर डांबर वितळतंय आणि हा माणूस थंडीनं कुडकुडतोय. शाल काढली तर डोक्यापासून पायापर्यंत लालभडक, कातडीचे पापुद्रे सुटलेले, पायाला सूज. त्वचेच्या डॉक्टरांच्या गोळ्याही त्यांना चालू होत्या आणि त्या विचारल्याशिवाय थांबवायच्या नाहीत असं मी दर खेपेला बजावत होते. पण बाजारात एका जडीबुटीवाल्यानं सांगितलं, इंग्रजी गोळ्या आजच्या आज बंद. यांनी केल्या!

मी त्यांना बाकावरही बसू दिलं नाही. रिक्षा बोलावली, स्वतः शेजारी बसले आणि थेट हॉस्पिटल गाठलं. तिथला तरुण डॉक्टर केसपेपर बघून म्हणाला, "आयुर्वेदवाल्या ना तुम्ही?"

"हो. आधी त्यांना बेड द्या, मग मला काय बोलायचं ते बोला."

आठवडा वाईट गेला, पण माणूस वाचला. नंतर मी शमीमभाभींना विचारलं, "त्या जडीबुटीचा पुडा कुठाय?"

"त्यालाच नेऊन दिला. म्हटलं, आधी तू खा माझ्यासमोर. पळाला की वो!"

*

रूपालीच्या पुढच्या खेपेला हौसाबाईंनी भाऊ आणला. रिटायर्ड मास्तर. त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. व्हॉट्सॲपवर आलेलं संस्कृत वचन, खाली मराठी अर्थ. कुष्ठ हा रोग एकत्र झोपल्यानं, एकत्र जेवल्यानं, दुसऱ्याचे कपडे घातल्यानं पसरतो.

"हे तुमचंच शास्त्र ना मॅडम?"

होय, माझंच. वचन खरं होतं, कॉलेजात पाठ केलेलं. ओपीडीतले चार लोक कान टवकारून बसलेले, रूपाली भिंतीकडं बघत होती. मी म्हणाले, "मास्तर, जुन्या ग्रंथांनी त्वचेच्या अठरा तक्रारी कुष्ठ या एका नावाच्या पोत्यात भरल्यात. त्यातल्या काही लागतात. हा आजार लागत नाही, हे आज पक्कं माहीत आहे."

"म्हणजे ग्रंथ चूक?"

"ग्रंथ चूक नाही. तुम्ही पोतं उघडून बघत नाही, ते चूक."

मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात हौसाबाई शांतपणे म्हणाल्या, "बाई, तुमचं वय काय आन त्या पोथीचं काय?"

सगळी ओपीडी हसली. रूपाली सोडून.

*

वसंतात वमन द्यायचं ठरलं. म्हणजे औषध देऊन उलटी करवायची, साठलेला कफ काढायचा. त्याआधी काही दिवस रोज सकाळी औषधी तूप प्यायचं. हौसाबाईंनी घरच्या गाईचं तूप आणून दिलं होतं. मी ते कडू वनस्पती घालून सिद्ध केलं, त्याचंच त्यांना दुःख. "येवडं सोन्यासारकं तूप इखासारकं करून ठिवलं!"

तूप चालू असताना नियम कडक. गरम पाणी, दुपारची झोप नाही, गाडीचे धक्के नाहीत, आणि राग अजिबात नाही. त्याच दिवसांत संदीपचा फोन आला. नेटवर्क तुटत होतं.

"जय हिंद मॅडम. एक विचारायचं होतं. घरात भांडण झालं तर तूप फुकट जातं का?"

"जातं."

"मग आईला फक्त तेवढंच सांगा. बाकी काय नको!"

मी सांगितलं. घरचं तूप फुकट जाणं हौसाबाईंना सोसण्यासारखं नव्हतं. रूपाली नंतर म्हणाली, "आत्या लय बोलल्या मॅडम. पर गोठ्यात जाऊन गाईला!"

मी हसले. ती नाही हसली. "त्या दिसांत आरू पळत यायची आन मांडीवर बसायची. आत्या तोंड उघडायच्या, तूप आठवलं की मिटायच्या. मी बसवून घ्यायची तिला. मग तूप संपलं. त्याच दिशी आरूला आत्यांची हाक आली."

*

वमनाला उसाचा रस लागतो, पोट तुडुंब भरेपर्यंत. हौसाबाईंनी स्वतःच्या रानातला ऊस आणला. "कारखान्याला न्हाई ग्येला तर हितं!"

उलट्या सुरू झाल्या की पेशंटला आधार लागतो. एकानं कपाळ धरायचं, पाठीवरून हात फिरवायचा. हे काम घरच्या माणसाचं. नाडी माझ्या हातात होती, त्यामुळे मी हौसाबाईंकडं बघितलं. त्या दारातच उभ्या. पाऊल पुढं येईना. रूपालीला उमासा आला, ती एका बाजूला झुकली.

शमीमभाभी नवऱ्याचं औषध न्यायला आल्या होत्या. त्यांनी पिशवी खाली टाकली, हौसाबाईंना बाजूला सारून आत शिरल्या आणि रूपालीचं कपाळ धरलं. शेवटपर्यंत धरलं. हात धुताना हौसाबाईंना म्हणाल्या, "आवं मावशी, कपाळ धरायला काय डिग्री लागती का?"



*

उन्हाळा संपेपर्यंत रूपालीची पाठ जवळजवळ साफ झाली. कोपरावर रुपयाएवढा डाग उरला. मला इतका आनंद झाला की मी हौसाबाईंना स्वतः म्हणाले, "बघा! आता तरी आरूला तिच्याजवळ झोपू द्या."

"दिसत न्हाई ह्ये खरं हाय बाई. पर तुमीच म्हणालासा, मुळापास्नं जात न्हाई. आत हाय ना अजून? मग पोर कशी दिऊ?"

माझाच खरेपणा माझ्यावर उलटला. रूपाली माझ्याकडं बघत होती. त्या बघण्याचा मला अजून त्रास होतो. खोटं बोलले असते तर त्या पोरीला आई मिळाली असती, असं त्या दिवशी मला मनापासून वाटलं.

*

पुढच्या थंडीत, एका सोमवारी, गच्च भरलेल्या ओपीडीत हौसाबाई न सांगता आल्या. कडेवर आरू, मागं रूपाली. दारातूनच ओरडल्या, "लागलं! बाई, लागलं बगा शेवटी आमाला!"

बाकावरचे सगळे सरसावले. नवीन पेशंटबरोबर आलेली एक आई आपल्या मुलाला घेऊन चक्क बाहेर जाऊन उभी राहिली. क्षणभर मलाही शंका आली. लागत नाही हे मला माहीत होतं, तरीसुद्धा.

"तुमी म्हणालासा लागत न्हाई! ही बगा माजी बोटं! ही बगा पोरीची!"

मी त्यांचा हात धरून खिडकीजवळ नेला. बोटांच्या बेचक्यात बारीक पुळ्या, मनगटावर, कमरेला ओरखडे.

"रात्री जास्त खाजतं?"

"झोपच न्हाई."

"मध्ये कुठं गेला होता राहायला?"

"भनीकडं, लग्नाला. आठ दिस हुते."

"तिथं एका वाकळेत कोण कोण झोपायचं? कुणाला खाज होती?"

"भनीच्या सुनंला हुती."

आरूचे तळहात बघितले. तेच. मग रूपालीला पुढं बोलावलं. बोटं, मनगटं, कंबर, सगळं तपासलं. कोपरावरचा तो जुना डाग सोडला तर अंग स्वच्छ!

"हौसाबाई, ही खरूज आहे. ही मात्र लागते. एका अंथरुणात झोपलं की लागतेच. तुम्हाला बहिणीकडं लागली आणि तुमच्यापासून आरूला."

"आन हिला कशी न्हाई लागली?" त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांचा आवाज गेला. हिच्या अंथरुणाजवळ घरातलं कुणी फिरकत नव्हतं.

खरजेला मी चूर्णं देत बसत नाही. शेजारच्या त्वचारोगतज्ज्ञांकडून मलम लिहून आणलं. मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, अंथरूण-पांघरूण उकळत्या पाण्यातून काढून उन्हात टाकायचं. एसटीनं घरी पोचेपर्यंत हौसाबाईंना धीर नव्हता. म्हणून मी त्यांना आतल्या खोलीत नेलं. त्यांनी अंगावर लावायला सुरुवात केली आणि पाठीशी अडल्या. हात पोचेना. ट्यूब हातात धरून तशाच बसून राहिल्या.

पडद्याजवळ आरूला कडेवर घेऊन रूपाली उभी होती. मला वाटलं, बोल बाई, बोल एकदाचं! सगळं बोल! खरं सांगते, मला ते ऐकायचं होतं.

रूपालीनं आरूला कडेवरून खाली उतरवलं.

"आरू आजपास्नं माज्याजवळ झोपंल."

हौसाबाई फरशीकडं बघत म्हणाल्या, "झोपू दे."

"आजच्यापुरतं न्हाई. रोज."

"व्हय. रोज."

रूपालीनं हातातल्या बांगड्या वर सारल्या आणि त्यांच्या हातून ट्यूब घेतली.

"वळा आत्या."