खांबावरचा संत आणि शिडीचा पुरावा

तुम्हीच ते! पालघरच्या पोरीनं पालघरवरच पीएचडी करावी, असं परस्पर ठरवून टाकणारे. विषय म्हणजे काय रेशनकार्ड आहे, राहत्या पत्त्यावरच मिळायला? मी पंधराशे वर्षांपूर्वीच्या ख्रिस्ती संन्याशांची चरित्रं अभ्यासते. असा विषय घेऊन बोईसरला राहिलं की किस्से शोधावे लागत नाहीत, घरपोच येतात.

पहिल्या अर्जावर शीर्षक होतं, 'वाळवंटातील मठ: उगम आणि प्रसार'. फाइल वनस्पतिशास्त्राकडे गेली. त्यांच्या लेखी मठ म्हणजे मटकी! तीन आठवड्यांनी परत आली, शेऱ्यासकट: 'वाण नमूद करावा.'

दिनेशदादा, माझा भाऊ, एमआयडीसीत ऑपरेटर. त्याला एक उतारा वाचून दाखवला. भर दुपारी संन्याशाला सैतान गाठतो. दिवस सरतच नाही असं वाटायला लावतो, सारखं बाहेरचं ऊन बघायला लावतो, इथून पळ म्हणतो.

दादानं शांतपणे विचारलं, "कुठल्या प्लांटला होता?"

आई एडवणची, बोईसरच्या बाजारात मासे विकते. तिला सीरियातल्या एका संताची गोष्ट सांगितली. उंच खांबावर चढला तो वर्षानुवर्षं उतरलाच नाही.

सुके बोंबील निवडता निवडता ती म्हणाली, "खायाचा काय?"

"चरित्रात लिहिलंय, देवदूत आणून द्यायचे."

"लिवला कोणी?"

"त्याच्या शिष्यानं."

"मग त्यालाच इचार ना, शिडीवरून डबा कोण न्यायचा!"

दोन वर्षं मी चार भाषांतले संदर्भ चाळत होते. प्रबंधाचा मुद्दा बोंबलांच्या टोपलीत सापडला: ही चरित्रं संताला वर ठेवतात आणि खालची माणसं पुसून टाकतात.

मग पालघरच्या संशोधन केंद्रात समितीपुढे उभी राहिले. विषयाला आधी एकदा नकार आलेला. या वेळीही आला तर नोंदणीच रद्द. तेवढ्यात प्रोजेक्टर बंद पडला. शिपाई वसंतमामा स्टुलावर चढून छताजवळच्या वायरशी खटपट करू लागले.

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, ग्रंथात देवदूत आहेत. शिडी कुठे आहे? खाली कोणी उभं होतं, याला पुरावा काय?"

मी पानं उलटत राहिले. पाच प्राध्यापक माझ्याकडे बघत होते.

वरून मामा म्हणाले, "सर, तुमचं चालू द्या. फक्त कोणीतरी स्टूल धरा. मला उतरायचं हाय."