टाकीचं सैल झाकण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, नमाजाला शेजारी उभ्या राहणाऱ्या मित्राला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय म्हणजे तुम्ही कुणी मोठे लागून गेलात असं समजू नका. तुम्ही मला ओळखत नाही — एवढीच तुमची लायकी.

नाझीर माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. रत्नागिरीत उंडारत होता. मी माझ्या कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा असतो त्या अरबी मालकाच्या, मिनतवाऱ्या करून त्याला इथे सौदीत, दम्मामला आणलं. तो मला कधीच आवडला नाही — अजूनही आवडत नाही. का आवडावा? कुणाचा एसी बिघडला, नाझीरला बोलवा. मिक्सर बंद पडला, नाझीर. माझ्याच घरात जेवायचा, आणि वर 'माझ्या भावाच्या हातात जादू आहे' हे मी बायकोकडून ऐकायचं.

त्याची एक जुनी मोटारसायकल होती. तो राहायचा त्या कामगारांच्या कॅम्पात जागा नाही म्हणून ती आमच्या इमारतीच्या जिन्याखाली असायची. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की तो यायचा, आणि माझी सना — तेव्हा बारावीत होती — त्याच्यामागे खाली पळायची. दोघं मिळून ते धूड खोलत बसायची. माझ्याशी सना बोलायची ती फीपुरतं आणि मार्कांपुरतं, तेही हिंदीत. मामूशी मात्र मराठीत! मला वाटायचं, तिला मराठी येतच नाही.

एकदा मी सहज पाना उचलला. ती म्हणाली, "अब्बा, आप रहने दो. मामू को आता है."

नाझीर हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं — हे मला तेव्हाही कळत होतं. मग इतकं का झोंबलं? माझ्या बापाची मासेमारीची होडी होती. मी इंजिनाच्या तेलात लहानाचा मोठा झालो. आणि मला येत नाही?

त्या वर्षी सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी नाझीर अख्खा हिवाळा गावी गेला. वाळवंटात कसली ओल, असं तुम्ही म्हणाल. दम्मामचा हिवाळा तुम्ही पाहिलेला नाही. सकाळी गाड्यांच्या काचांवरून पाणी ओघळतं. समुद्रावरून खारं धुकं येतं आणि जिन्याच्या कठड्याला हात लावला तर तळवा तांबूस होतो. म्हणून जाताना नाझीरने गाडी सनाच्या ताब्यात दिली. बॅटरी काढून घरात ठेव. सायलेन्सरच्या तोंडात तेलाचा बोळा कोंब. वरून प्लॅस्टिक नको, सुती कापडच घाल, म्हणजे आत हवा खेळेल. आणि टाकी काठोकाठ भर, झाकण घट्ट आवळ, मी येईपर्यंत उघडू नकोस. "आलो की तुला चालवायला शिकवतो," म्हणाला. इथे मुली गाडी चालवायला लागल्या होत्या तेव्हा. सनाने किती दिवस त्याच आनंदात काढले!

तिने सगळं नीट केलं. मी जिन्यात उभा राहून पाहत होतो. झाकण तिने दोन्ही हातांनी आवळलं, मग पुन्हा एकदा आवळून पाहिलं.

टाकी काठोकाठ का भरायची, हे मला नाझीरने शिकवायची गरज नव्हती. पावसाळ्यात होडी वर ओढली की माझा बाप आधी डिझेलची टाकी भरायचा. रिकामी टाकी आतून घामेजते, म्हणायचा, आणि तो घामच तिला खातो.

म्हणजे मला माहीत होतं. सगळं माहीत होतं.

एका दुपारी सना शाळेत असताना मी खाली गेलो. कापड उचललं, नळी घातली आणि बहुतेक सगळं पेट्रोल ओढून माझ्या कारमध्ये टाकलं. मग झाकण लावलं — म्हणजे नुसतं ठेवलं. वरून बसलेलं दिसेल, पण आवळलेलं नाही. रागाच्या भरात झालं असं मी म्हणू शकत नाही. मी शांत होतो. वर जाऊन हात धुतले आणि चहा मागितला.

थंडी सरल्यावर नाझीर परत आला. झाकण हाताला लागताच फिरलं. आत टाकीभर गंज, तळाला पाणी. सना शेजारी उभी होती, हातात हेल्मेट घेऊन.

"झाकण सैल राहिलं गं तुझ्याकडून. पेट्रोल उडून गेलं सगळं," नाझीर म्हणाला. "असू दे, होतं असं."

"मामू, मी आवळलं होतं. खरंच आवळलं होतं." मग ती माझ्याकडे वळली — मराठीतच. "अब्बा, तुम्ही बघितलं होतं ना?"

त्या मुलीने माझ्याकडे मागितलेली ती पहिली साक्ष. मी काय म्हणालो?

"माझं लक्ष नव्हतं, बेटा."

नाझीरवरचा राग होता, वड्याचं तेल वांग्यावर निघालं. पण वांगं कुठलं, हे समोर दिसत असूनही मी गप्प राहिलो. नाझीरने खटपट करून पाहिली, पण इतक्या जुन्या गाडीची टाकी कुठे मिळेना, शेवटी गाडी भंगारात गेली. सनाने पुन्हा पान्याला हात लावला नाही. मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायचा होता, तो भरला नाही. मी विचारलंही नाही. नाझीर शुक्रवारी यायचा, जेवून जायचा. मला हवं होतं ते मिळालं, नाही का?

आता तिचं लग्न झालंय. गेल्या ईदला दोघं आली होती, नाझीरही होता. जेवताना जावई सांगत होता, ही गॅस बंद केला की तीनदा बघते, कुलूप लावलं की जिन्यातून परत फिरते, आणि मग मलाही बघायला लावते.

सना खाली बघून म्हणाली, "माझ्या हाताचा भरवसा नाही. मामूच्या बाइकपासूनचं आहे ते."

सगळे हसले. मीही हसलो.