उलट उत्तर

आमच्या घरी उत्तर देणं हा गुन्हा होता. बाबांनी काही विचारलं तर मान खाली घालून ऐकून घ्यायचं. तोंड उघडलं की ते उलट उत्तर, आणि उलट उत्तराला मार. सातवीत असताना त्यांनी मला विचारलं, "शाळेतून यायले उशीर काहून झाला?" मी मूर्खासारखं खरं कारण सांगितलं. त्यांच्या पुढ्यातलं ताट वरणासकट माझ्या तोंडावर आलं. खालच्या ओठावर त्याचा व्रण अजून आहे. तेव्हापासून समोर पुरुष बसून प्रश्न विचारायला लागला की माझी दातखीळ बसते.

आणि मी निघाले होते जर्मन बोलायला!

मी नर्स आहे. बडनेऱ्याहून अकोल्याच्या एका दवाखान्यात रोज अपडाऊन करायची आणि सुट्टीच्या दिवशी अमरावतीत जर्मनचा क्लास. जर्मनीत नर्सची नोकरी मिळत होती, फक्त भाषेची परीक्षा पास व्हायला हवी होती. वाचणं, लिहिणं, ऐकणं, तिन्ही एका दमात पास झाले. बोलण्यात आपटले. समोरच्या परीक्षकानं चष्म्यावरून बघत साधा प्रश्न विचारला होता, तुम्हाला हे असं का वाटतं? उत्तर मला येत होतं. पण मान आपोआप खाली गेली, हात गालावर गेला आणि मी मूग गिळून बसले. दिवाळीच्या आत एक संधी उरली होती. ती हुकली तर नोकरी गेली आणि मी त्या घरात, त्या माणसाच्या हाताच्या टप्प्यात, कायमची.

क्लासच्या मॅडम म्हणाल्या, "शब्द तुझ्याकडे भरपूर आहेत. तुला प्रश्न विचारणारं माणूस हवंय. रोज, मोठ्यानं, समोरासमोर."

असं माणूस कुठून आणायचं? आमची बडनेऱ्याजवळ दीड एकर भाजी. दुपारी मी ड्युटीवरून आले की आई आणि मी ओट्यावर बसून दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायचो. आई बाजारात वाघीण. एकदा एका गिऱ्हाइकानं विकत न घेता जुडी सोडून बघितली, तर तिनं त्याच्या हातावर तराजूची दांडी हाणली होती. घरात मात्र ब्र काढायची नाही. तिला मॅडमचं बोलणं सांगितलं तर ती म्हणाली, "मी इचारीन. तू सांग."

"तुले जर्मन कुठं समजते?"

"भाषा नाई समजत. पोरगी अडकली, थे समजते."

तिनं नियम केला. एक जुडी, एक उत्तर. उत्तर पूर्ण होईपर्यंत जुडी ढिगावर ठेवायची नाही. ती वऱ्हाडीत विचारायची, मी जर्मनमध्ये सांगायची. आज दवाखान्यात काय झालं? वांग्याले कीड लागली तं काय करशीन? मी दोन वाक्यांत गुंडाळलं की लगेच तिचं ठरलेलं, "काहून?" पुन्हा दोन वाक्यं. पुन्हा "काहून?" काही न समजता ती प्रत्येक गोष्टीला मान हलवायची, "नाई, मले पटत नाई." आणि माझी मान खाली गेली रे गेली की ओल्या सांबाराची जुडी, मुळांच्या मातीसकट, फाडकन तोंडावर. "वर पाह्य! माह्या डोयात पाह्य!"

मला तिचा भयंकर राग यायचा. मारून बोलायला शिकवणारी ही कोण? एकदा मी तिच्या हातातली जुडी हिसकून भिंतीवर आपटली आणि पाच मिनिटं न थांबता जर्मनमध्ये तिच्यावर ओरडले. क्रियापदं जागच्या जागी पडत होती. ती शांतपणे म्हणाली, "हं. आता बोलली."

परीक्षेला चार दिवस होते तेव्हा बाबा वावरातून लवकर आले. अंगणात उभे राहून आमचं ऐकत होते ते आम्हाला कळलंच नाही. त्यांना न कळणाऱ्या भाषेत मी तावातावानं बोलत होते आणि आई मला खोदून खोदून विचारत होती, याचा अर्थ त्यांनी सरळ लावला.

"मले शिव्या देऊन राहिल्या का वं?"

"पोरगी अभ्यास करून राहिली," आई म्हणाली. ते उत्तर होतं. त्यांनी कुंपणापाशी पडलेला ठिबकच्या नळीचा तुकडा उचलला.

पहिला फटका आईच्या पाठीवर बसला, दुसरा खांद्यावर, तिसरा तिनं हातावर घेतला आणि मनगट फुटलं. मी मध्ये पडले तर नळी माझ्या कानापासून जबड्यापर्यंत बसली. तोंडात रक्ताची चव आली. त्यांनी माझी वही टराटरा फाडून पाण्याच्या टाक्यात फेकली. ढिगावर पाय देऊन जुड्या तुडवल्या. आणि पुन्हा आईवर हात उचलला.

मी नळी धरली. ओढली. ती माझ्या हातात आली, इतकी सहज, की इतकी वर्षं हे का केलं नाही याचाच संताप आला. मी ती डोक्यावर उगारली. मला त्यांना मारायचं होतं. खोटं कशाला बोलू, मला त्यांना रक्त येईपर्यंत मारायचं होतं. ते दोन्ही हात तोंडासमोर धरून मागे सरकले.

"ठेव थे," आई जमिनीवरून म्हणाली. "तोंडानं सांग."

मी तोंड उघडलं. काहीही आलं नाही. जर्मनमध्ये मला हवामानावर, प्रदूषणावर, शाळेतल्या मोबाईलवर मत होतं. या माणसाशी बोलायला माझ्याकडे मराठीत एक वाक्य नव्हतं. मी नळी अंगणामागच्या विहिरीत फेकली आणि आईच्या मनगटाला पट्टी बांधायला बसले.

सुजलेल्या जबड्यानं परीक्षेला गेले. माझ्या जोडीला एक इंजिनिअर होता. आम्हा दोघांना मिळून ठरवायचं होतं, की दवाखान्यात पडलेल्या मैत्रिणीला भेटायला जाताना काय न्यायचं. तो म्हणाला, फुलं. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, मला पटत नाही. का फुलं? त्यानं कारण दिलं. मी पुन्हा विचारलं, का? बिचाऱ्याला घाम फुटला. परीक्षकानं मला विचारलं तेव्हा जबडा ठणकत होता, पण मान वर होती.

निकाल आला तेव्हा आई ओट्यावर जुड्या बांधत होती. बाबा दहा पावलांवर बाजेवर बसले होते. मी सांगितलं, पास झाले.

आईचा हात थांबला. "मंग आता जाशीन?"

"हो."

"काहून?"

सवयीनं जर्मन वाक्य ओठावर आलं होतं, चांगला पगार, चांगला अनुभव, पाठ केलेलं. ते मी गिळलं. बाबांकडे वळले, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आमच्याच भाषेत सांगितलं, "याच्या मारानं. तू बी चाल माह्यासंग अकोल्याले. जाईपर्यंत भाड्याच्या खोलीवर राहू. मंग तुले बी नेईन."

बाबा उठले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले.

आईनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हातातली जुडी ढिगावर ठेवली.