बुटाची नाडी

पोर्तुगालमधल्या फुटबॉल क्लबात विंगर म्हणून माझा पहिलाच मोसम होता आणि कोल्हापूरला परत जायचं मनात घोळत होतं. मोडलेलं मनगट प्लास्टरमध्ये असतानाच मी एक सामना खेळत होतो. मध्येच बुटाची नाडी सुटली. एका हाताने ती बांधता येईना. इतका वेळ मला धक्के देणारा समोरच्या संघाचा बचावपटू गुडघ्यावर बसला आणि त्याने ती बांधून दिली.

“जास्त आवळली का?”

मी मानेनेच नाही म्हटलं आणि पुन्हा धावायला लागलो. परक्या मुलखात आपण ओळखीचे चेहरे शोधत राहतो, आणि माया अशी भलतीकडूनच येते.

संध्याकाळी आईने फोनवर विचारलं, “जिंकलास का रे?”

“हरलो. पण आता करमेल मला इथे.”