कोणता हात?

पूल ओलांडला, बाजार मागे पडला, तरी भाची चार पावलं मागेच होती. मावशी मात्र झपाझप चालत होती. काखेतल्या पिशवीत कात्री, दोऱ्याची रिळं, उरलेली टिचबटणं.

"कंपनी मोठी झाली, पायातला जोर गेला वाटतं," मावशी म्हणाली. "उचल की जरा."

भाची कसनुशी हसली. मघाचं घर काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

मावशीची उभी हयात इस्पितळाच्या शिवणखोलीत गेली. यजमानांचा उजवा हात लुळा पडला आणि सदरा चढवताना ते लहान मुलासारखे कळवळू लागले, तेव्हा एका दुपारी तिनं देवाचं नाव घेतलं आणि त्या बाजूनं सदरा मनगटापासून कमरेपर्यंत उसवून टाकला. कडेला टिचबटणं लावली. हात न उचलता सदरा अंगावर आला. मग शेजारपाजारचे येऊ लागले. माप घेण्याआधी मावशी प्रत्येकाला एकच विचारायची, "कोणता हात?"

भाचीनं त्यावरच स्टार्टअप काढली. मोठ्या सभागृहात माइक हातात घेऊन ती म्हणाली, "ही कल्पना मला सुचली." मावशी तिसऱ्या रांगेत होती. तिनं टाळ्या वाजवल्या.

पुढे मागणीच्या फॉर्ममधला तो प्रश्नही गेला. फॉर्म लांबतो, लोक मधेच सोडतात, असं ऑफिसात ठरलं. सगळे सदरे डावीकडून उघडणारे शिवले जाऊ लागले. आज दोघी ज्यांच्याकडे गेल्या त्या निवृत्त मास्तरांचा लुळा हात उजवा होता.

"मी घालायला गेले तर ओरडले हो हे," मास्तरांची बायको म्हणाली. "कोणता हात ते विचारायचं कुणाला सुचलं नाही का?"

भाचीनं मान खाली घातली. मावशी म्हणाली, "चुकलं आमचं." आणि खिडकीपाशी बसून उजवी बाजू उसवायला घेतली.

ते 'आमचं' भाचीला सबंध रस्ताभर टोचत होतं. शेवटी बंद दुकानाच्या पायरीशी ती थांबली.

"मावशी, त्या दिवशी मी खोटं बोलले. सुचलं तुला होतं. मला लाज वाटते गं. उद्याच तुझं नाव टाकते कंपनीच्या पानावर, फोटोसकट."

"फोटो नको बाई. पुढचे दोन दात कुठायत मला?" मावशी पायरीवर टेकली, गुडघा चोळत राहिली.

"टाळ्या वाजवताना मला वाईट वाटलं होतं, नाही कशाला म्हणू," ती म्हणाली. "पण ते गेलं. आज त्या मास्तरांचा चेहरा बघितलास ना? मग माझं एवढं ऐक. तो प्रश्न परत घाल. सगळ्यात वर, मापाच्याही आधी. घालशील?"