तास भरेपर्यंतची मिस्सा

विमानतळावरच्या मिस्सेला आलेल्या एका म्हातारीला मी कम्युनियनच्या आधी वडापाव खाऊ घातला. वर चहाही पाजला.

यात काय बिघडलं हे ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आम्हा कॅथलिकांत मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, कम्युनियन म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी तासभर पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नसतं. पहिल्या कम्युनियनच्या वर्गात हे शिकवतात, आणि तिथली शेंबडी पोरंसुद्धा ते जन्मात विसरत नाहीत. मी विसरलो. आणि मी कोण, तर विमानतळाच्या फादरांचा उजवा हात. वेदी मांडणारा, वाचनं वाचणारा, आणि गाणाऱ्यांचा कॉयर नसल्यामुळे गाणारासुद्धा मीच.

मी मरोळ गावठाणातला, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचाच मूळचा मराठी ख्रिस्ती. आमचं भातशेत रनवेखाली गेलं असं मी सगळ्यांना सांगत असतो. मरोळचा प्रत्येक जण तेच सांगतो. सगळ्यांची शेतं जोडली तर रनवे विरारच्या पुढे जाईल, पण ते असो. विमान कंपनीच्या सामान खात्यात नोकरी केली, वेळेआधी निवृत्ती घेतली आणि घरी बसून बायकोला स्वयंपाक शिकवायला लागलो. तिने दुसऱ्याच आठवड्यात मला फादरांच्या हवाली केलं.

विमानतळाचा फादर म्हणजे ज्याला स्वतःचं चर्च नाही असा धर्मगुरू. त्याची मंडळी दर रविवारी नवी. आखातात परत निघालेल्या नर्स, जहाजावर चढायला निघालेले खलाशी, शिफ्ट संपवून आलेले लोडर, परफ्यूमच्या काउंटरवरच्या मुली. अर्धे लोक बॅग पायांत धरून प्रार्थना करायचे. आमचे फादर वसईचे, अंगाने काटकुळे, बोलायला फटकळ. त्यांचं प्रवचन इतकं लहान की एखाद्याला शिंक आली तर त्याचं निम्मं हुकायचं. ‘लोकांना विमान पकडायचंय, स्वर्ग नंतर,’ म्हणायचे.

आणि चर्च कुठे, तर चाकांच्या बॅगेत. ती बॅग ओढत मी सुरक्षा तपासणीतून जायचो. क्रूस, कापडं, पेला, भाकरीचा डबा, आणि खोकल्याच्या औषधाएवढ्या बाटलीत द्राक्षारस. नवा रक्षक असला की बाटली उघडून वास घ्यायचा आणि सकाळच्या पारी काय हे, अशा नजरेने माझ्याकडे बघायचा. काडेपेटी आत न्यायला मनाई, म्हणून आमच्या मेणबत्त्या सेलवरच्या. फुंकर मारून विझत नाहीत, खालचं बटण दाबावं लागतं. फादरांना त्यांचा भयंकर राग. प्रार्थनेची खोली सर्व धर्मांची. एका कोपऱ्यात नमाजाच्या चटया नीट गुंडाळून ठेवलेल्या, भिंतीवर एक मोठं घड्याळ, आणि मधल्या टेबलावर आम्ही अर्ध्या तासापुरतं चर्च उभं करायचो. मग क्रूस पुन्हा कापडात, बॅगेची चेन बंद, की खोली पुन्हा सगळ्यांची. अजूनही इमारतीच्या जिन्याशी कुणाची चाकांची बॅग खडखडली की मला रविवार असल्यासारखं वाटतं.

त्या रविवारी मी बॅग घेऊन पुढे आलो आणि फादर मागे गेटवर अडकले. पासवरच्या फोटोत त्यांना भरघोस दाढी होती आणि त्यांनी नाताळानंतर ती सफाचट उडवली होती. रक्षक नवा. त्याला दोन तोंडं एकाच माणसाची वाटेनात. फादरांचा फोन आला की मला आज आत सोडतील असं दिसत नाही. मिस्सेची वेळ टळून गेली. दोन नर्स छातीवर क्रूसाची खूण करून उठल्या आणि आपल्या गेटकडे गेल्या. बाकीचे घड्याळ बघत बसले.

पुढच्या खुर्चीवर एक म्हातारी होती. फुलाफुलांची साडी, अंबाड्यात अबोलीचा गजरा, मांडीवर पिशवी. गोराईची. मुलाकडे कॅनडाला निघालेली, आणि कायमची. घर पुतण्याच्या ताब्यात दिलेलं. मुलाच्या गावात चर्च आहे, पण मिस्सा इंग्रजीत. ‘तिथं मी बसेन, पन मना समजनार नाय,’ ती म्हणाली. म्हणजे आजची ही तिची मराठीतली शेवटची मिस्सा होती. त्यासाठी ती पहाटे निघून, विमानाच्या कितीतरी आधी येऊन बसली होती. आणि जुन्या रीतीप्रमाणे मध्यरात्रीपासून तिने तोंडात काही घातलं नव्हतं.

मला तिचा चेहरा उतरल्यासारखा वाटला. माझं मन भरून आलं. माझं मन भरून आलं की काहीतरी वाट लागतेच, हे बायकोचं मत मला तेव्हा आठवायला हवं होतं.

मी म्हटलं, “बाय, फादरचं आज काही खरं नाही. तू आपलं खाऊन घे.”

तिने विचारलं, “नक्की नाय येनार?”

“नक्की,” मी म्हटलं, जणू धर्मप्रांताचा कारभार माझ्याकडेच होता.

मी धावत स्टाफ कँटीनमधून चहा आणि वडापाव आणला. तिने डोळे मिटून प्रार्थना केली आणि सावकाश खाल्लं. मला फार पुण्य लागल्यासारखं वाटत होतं. तिने शेवटचा घास तोंडात घातला, कागदाची घडी केली, आणि दारातून फादर आत आले. रक्षकाचा साहेब त्यांना दाढीसकट आणि दाढीशिवाय ओळखत होता.

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरले. मग ती उठली आणि फादरांसमोर जाऊन उभी राहिली.

“फादर, यानं मना बाटवलं.”

विहिरीत पाव टाकून बाटवल्याच्या गोष्टी आमच्या वाडवडिलांबद्दल लोक पुष्कळ सांगतात. पण कॅथलिकाने कॅथलिकाला पावाने बाटवलं, असं बहुधा पहिल्यांदाच घडत असावं.

मी काय केलं ते फादरांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती त्यांनी एरवी सेलवरच्या मेणबत्त्यांसाठी राखून ठेवलेली होती. मग ते तिला म्हणाले की बाय, काळजी करू नको, चर्चच्या कायद्यात म्हाताऱ्या माणसांना उपासाची सूट आहे.

“म्हातारी कोन?” तिने विचारलं.

ती म्हणाली की तिच्या वाडीतली वांगी अजून तीच काढते, आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजारात तीच जाते. मग फादरांनी दुसरा मार्ग काढला. मिस्सा नेहमीसारखी होऊ दे, तुझा तास भरला की मी डबीतून ख्रिस्तप्रसाद आणून तुला गेटवर देतो. हे तर तिला अजिबात पटलं नाही. डबीतून आणून देतात ते आजाऱ्यांना, ती म्हणाली. ती ना म्हातारी होती, ना आजारी. तिला मिस्सेत, सगळ्यांबरोबर, रांगेत उभं राहून हवं होतं. आणि तेही पूर्ण तास भरल्यावर. एवढं बोलून ती परत जागेवर बसली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागली.

फादरांनी अंगावर झगा चढवला, माझ्या जवळ आले आणि हळूच म्हणाले, “आज कम्युनियन तास भरल्यावर. तोपर्यंत मी बोलतो. माझं संपलं की तुझं सुरू.”

एरवी झटपट आटोपणारी आमची मिस्सा त्या दिवशी बैलगाडीला जुंपली. वाचन मी एकेका शब्दाला टेकू देत वाचलं. शुभवर्तमानाचं वाचन झालं आणि फादर प्रवचनाला उभे राहिले. नेहमीचं प्रवचन नेहमीच्या वेळेत संपलं. मी घड्याळ बघितलं, त्यांनी माझा चेहरा बघितला, आणि ते पुढे बोलायला लागले. आधी अडखळत. मग वसईच्या घराबद्दल, केळीच्या बागेबद्दल, फादर व्हायला सेमिनरीत निघालेल्या दिवसाबद्दल. आई दारापर्यंत आली नाही, विहिरीवरच थांबली आणि उगाच पाणी काढत राहिली, असं म्हणाले. भरलेली घागर पुन्हा विहिरीत ओतायची आणि पुन्हा काढायची. इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. एक लोडर, ज्याला मी कधी गंभीर झालेला पाहिला नव्हता, तो बुटांकडे बघत बसला होता. म्हातारी मात्र घड्याळ विसरली होती.

तिथे फादरांचं पेट्रोल संपलं. त्यांनी माझ्याकडे हात केला.

श्रद्धावंतांच्या प्रार्थना मी सुरू केल्या. पायलटांसाठी प्रार्थना केली, सफाईवाल्यांसाठी केली, आखातातल्या नर्सांसाठी, गोराईच्या कोळ्यांसाठी, मरोळच्या गेलेल्या शेतांसाठी. ज्यांच्या बॅगा हरवल्या त्यांच्यासाठी तर जरा जास्तच मनापासून केली, त्यात आमच्या खात्याचा हात असायचा. नव्या रक्षकासाठी केली तेव्हा फादर खोकले. मग अर्पणाचं गाणं. त्याची सगळी कडवी मला येत नव्हती, म्हणून येत होती तीच पुन्हा पुन्हा म्हटली, आणि आवाज चढवत गेलो. वरच्या पट्टीत मी कधी गेलो नव्हतो. तिथे माझं काही कामही नव्हतं. पण खाली यायचं तर गाणं संपवावं लागलं असतं.

तेवढ्यात दारात व्हीलचेअर घेऊन एक मध्यमवयीन माणूस आला. म्हातारीच्या मुलाने तिकिटाबरोबर खुर्चीची सोय केली होती. तो खुणा करून सांगत होता की मावशीचं बोर्डिंग सुरू झालं, चला. तिने नुसता तळवा दाखवला. तो थांबला. काही मिनिटांनी त्याने हातातला वॉकीटॉकी दाखवला. तिने पुन्हा तळवा दाखवला. आता सगळी खोली घड्याळ बघत होती. कशासाठी ते अर्ध्या लोकांना माहीत नव्हतं, तरी बघत होती. उपास पुरा करायच्या नादात हिचं विमान चुकलं तर? कॅनडात मुलगा वाट बघतोय, घर पुतण्याकडे, आणि हे सगळं एका वडापावापायी. माझ्या वडापावापायी.

फादरांनी भाकर उचलली, पेला उचलला. त्यांनी घाई केली नाही, आणि आता रेंगाळलेही नाहीत. ‘हे प्रभो, मी योग्य नाही’ असं आम्ही सगळे म्हणालो, आणि त्या दिवशी मी ते नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणालो.

म्हातारीने घड्याळाकडे एकदा पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि रांगेत सगळ्यात पुढे येऊन उभी राहिली.

“ख्रिस्ताचं शरीर.”

“आमेन.”

ती जागेवर जाऊन बसली, डोळे मिटून. दारातल्या माणसानेसुद्धा तेवढा वेळ वॉकीटॉकी खाली घेतला. मग तिने क्रूस केला, पिशवी उचलली आणि आपणहून येऊन व्हीलचेअरवर बसली. पळायचं आहे म्हणून बसते, त्यात वयाचा काही संबंध नाही, असं तिने फादरांना बजावलं.

ते फादर आता दुसरीकडे बदलून गेले. माझा पास मी परत केला. आता रविवारी मी गावठाणातल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो. तिथे खऱ्या मेणबत्त्या असतात, कॉयर असतो, प्रवचनं लांबलचक असतात, आणि शेजारचा माणूस दर आठवड्याला तोच असतो. कुणाला कुठे जायचं नसतं. मला सवय होत नाही.

त्या दिवशी मी व्हीलचेअरच्या शेजारून गेटपर्यंत धावत गेलो. धापा टाकत म्हटलं, बाय, चुकलो, मनात ठेवू नको. तिने खुर्ची थांबवायला सांगितली. मला वाटलं आता आशीर्वाद देणार, म्हणून मी वाकलो.

ती म्हणाली, “वडा तासात उतरला रे. तुझं गानं कॅनडापातुर नाय उतरायचं.”