सव्वा इंची पाईप

माझ्या फजित्या मी स्वतःच गावभर वाटतो. दोन दिवस शेजाऱ्याच्या उसाला पाणी देत बसलो होतो, हे कळसाडीत माझ्याच तोंडून सगळ्यांना माहीत आहे. पण एक फजिती — तिला फजिती म्हणणंसुद्धा लबाडीच — खरी अशी मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. आता सांगायला बसलोय, तर बघा, आधी उसाचं काढलं.

जीपपासून सुरू करतो. जुन्या जीपचं इंजिन बसलं, म्हणून अपघातात चेपलेल्या एका गाडीचं दणकट टर्बो डिझेल इंजिन मी तिच्यात टाकलं. टाकलं म्हणजे सुकलाल मिस्तरीनं टाकलं. मी खुर्चीवर बसून सूचना केल्या. सुकलाल नवापूरकडचा. शहाद्याच्या रस्त्याला त्याचं वेल्डिंगचं छोटं दुकान होतं. माणूस कमी बोलायचा, हात मात्र पक्का. आमच्या अख्ख्या शिवारातल्या ट्रॉल्या त्याच्याकडेच जोडल्या जायच्या.

राहिला सायलेन्सरचा पाईप. मिस्तरी म्हणाला, अडीच इंची. आणि इथे माझ्यातला केळीला पाणी पाजणारा शेतकरी जागा झाला. पाण्याच्या नळीचं तोंड अंगठ्यानं दाबलं की धार लांब जाते ना? मग पाईप बारीक केला की धूर जोरात सुटणार, आणि धूर जोरात सुटला की गाडी जोरात पळणार! दुकानात चारपाच जण होते. त्यांच्यासमोर मी हे शास्त्र मांडलं, आणि घरी पडलेला बोअरचा सव्वा इंची लोखंडी पाईप आणून दिला.

मिस्तरीनं तो हातात फिरवून पाहिला. "भाऊ, पाणी मोटर फेकस. धूर तं इंजिनलेच फेकनं पडस. तेन्हा गळा दाबू नका."

चारपाच जण हसले. मिस्तरीवर नाही — माझ्यावर. एवढंच झालं होतं. एवढ्यासाठी मी हट्टाला पेटलो. गाडी कोणाची, असं विचारलं. त्यानं मान खाली घातली आणि मला हवा तो पाईप जोडला.

पहिल्याच रविवारी काका-काकूंना घेऊन तोरणमाळला निघालो. धूळ नको म्हणून ताडपत्री चहूकडून बंद. सपाटीवर गाडी बरी होती. घाटात मात्र पाय दाबतोय, दाबतोय — गाडी चढेना. पायाखालचा पत्रा तापला. मग खाली काहीतरी फट्‌ झालं. धूर कोंडून कोंडून जोड फाटला होता, आणि धूर आत येऊ लागला. मी थांबायला हवं होतं ना? मला वाटलं, पुढचं वळण काढू. नंतर वाटलं, त्याच्या पुढचं.

काकू बोलायची थांबली होती. आमच्या घरात हे कधी घडलं नव्हतं. काकांनी हाक मारली, तेव्हा तिची मान खांद्यावर पडली.

मोहाच्या झाडाखाली तिला आडवं केलं. काका तोंडावर पाणी मारत होते. मी — मी काय करत होतो सांगू? जीपखाली वाकून पाईप बघत होतो. काकू मरते की काय, या भीतीच्या शेजारीच दुसरी भीती बसली होती : आता सगळ्यांना कळणार. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले, ओकली, आणि पुन्हा श्वास नीट घेऊ लागली.

दुसऱ्या दिवशी काकांनी मिस्तरीला अंगणात बोलावलं. भावकी जमली होती. काकांनी त्याला विचारलंच नाही. मला विचारलं, हे कसं झालं?

सुकलाल माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. मी आता सांगेन, असं त्याला खरंच वाटत होतं.

"जोड कच्चा होता," मी म्हणालो. "आणि पाईपही यानंच बारीक टाकला."

कुणी त्याला विचारलं नाही. दुकानात हसलेले ते चारपाच जण परगावचे, त्यांच्यातलं तिथे कोणी नव्हतं. तो आमच्या भावकीतला नव्हता, गावातलाही नव्हता. माझा शब्द पुरेसा होता. हे मला बोलण्याआधी माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर बोललो.

तो एवढंच म्हणाला, "भाऊ सांगस तं तसंच व्हयी." आणि चप्पल घालून निघाला.

ज्याचा जोड सुटतो, त्याच्याकडे ट्रॉली कोण नेणार? दुकान दोन सुग्याही टिकलं नाही. मी मात्र गुजरातेत जाऊन गुपचूप अडीच इंची पाईप टाकून आणला. गाडी सुरेख चालली. लोक म्हणाले, मिस्तरीची चूक भाऊनं बरोबर पकडली.

आणि अजून एक आहे. ते राहून गेलं असतं तर बरं वाटलं असतं. ही गोष्ट मी लग्नाकार्यात सांगतो. रंगवून सांगतो. तिच्यात नळी आणि अंगठ्याचं शास्त्र सुकलाल सांगतो, त्याच्याच बोलीत, त्याच्यासारखी मान खाली घालून. आणि अडीच इंची, अडीच इंची म्हणून मी ओरडत असतो. काकू सगळ्यात जास्त हसते. यंदाच्या लग्नसराईत तीन वेळा सांगितली.

सुकलाल आता उच्छलच्या बाजूला दुसऱ्याच्या दुकानात वेल्डिंग करतो. कुठलं दुकान, ते मला माहीत आहे. त्या रस्त्यानं आता नव्या मोटारीतून महिन्यातून एकदा तरी माझं जाणं होतं. दुकान आलं की मी काच वर करतो.